घरच्या मैदानावरचा फितूर

"लिही," साडूभाऊ म्हणाले. "नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची, चिकाटी मुंगीची आणि धाडस वाघाचं. असा हा गुप्तहेर तीस वर्षं वीज कंपनीच्या मीटर-वाचकाच्या वेषात घरोघर वावरला. ज्याला मीटर वाचता येतो त्याला माणूसही वाचता येतो. नुसत्या आकड्यावरून तो सांगे, या घरात रात्री कोण जागतं आणि कोण कोणाशी बोलत नाही. त्याचं नाव ऐकून गुन्हेगार चळाचळा कापत."

मी लिहून घेतलं. वेष वगैरे काही नव्हता, ते मीटर-वाचकच होते, हे मी लिहिलं नाही. गुन्हेगार कापत असतील तर ते थंडीने, हेही लिहिलं नाही. आणि एका माणसात एवढे प्राणी कोंबले तर त्याला गुप्तहेर नाही, सर्कस म्हणतात, हे फक्त मनात म्हटलं.

त्यांची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण. साडू हे नातं माणूस निवडत नाही, ते लग्नात आहेर म्हणून येतं आणि परत करता येत नाही. माझा धंदा शिंप्याचा. आमच्यात आधी मोजतात आणि मग कापतात. साडूभाऊ आधी कापतात आणि नंतर मोजायला मला बोलावतात. एवढ्याच कारणाने मी त्यांचा मदतनीस झालो.

ही केस आमच्या फुटबॉल क्लबची. क्लब जुना आहे, आणि अलीकडे खेळतोही तसाच. तीन वर्षांत चार मॅनेजर गेले, पाचवे जायच्या वाटेवर होते. फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे बँकेतला नव्हे. बँकेतला बदलला तर खातेदाराला पत्ता लागत नाही; क्लबचा बदलला की सलूनमध्ये महिनाभर पुरतो. पहिले मॅनेजर 'धीर धरा'वाले. त्यांनी धीर धरायला सांगितलं, आम्ही धरला, समोरच्यांनी गोल मारले. दुसरे 'पुढे चला'वाले. त्यांच्या काळात आमची सगळी टीम पुढे जायची आणि बॉल मागे राहायचा. तिसरे वहीवाले, सतत काहीतरी लिहायचे. चौथे एकोणीस दिवस टिकले, त्यांचा चेहरा कोणालाच नीट आठवत नाही. आताचे पाचवे टोपीवाले.

या सगळ्यांचा निवाडा आमच्या सलूनमध्ये व्हायचा. सलून मुख्य रस्त्यावर, समोर एक दुमजली लॉज. आत दोन खुर्च्या, एक लांब बाक आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आरसा. दाराची स्प्रिंग तुटल्यापासून दार सताड उघडं. सलूनवाला बोलता बोलता गिऱ्हाइकाचं डोकं धरून "आता डावी बाजू बघा" म्हणतो, तेव्हा तो दाढीबद्दल बोलतोय की आपल्या डाव्या बचावपटूबद्दल, हे मान वळल्यावरच कळतं. पोस्टमन रोज दुपारी बॅग बाकाखाली सरकवून बसायचा आणि "आपण हरणार" एवढंच म्हणायचा. त्याचं म्हणणं, मी बातमी पोचवतो, तयार करत नाही.

पण खरे सभापती गुरुजी. त्यांनी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. रोज सकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारायचा त्यांचा नेम. मैदानाची भिंत गुडघ्याएवढी, त्यामुळे क्लबचा सराव आपोआप दिसायचा. मग सलूनमध्ये येऊन ते दाढीचा फेस बोटावर घ्यायचे आणि आरशावर तो सराव काढून दाखवायचे. नकाशा काढायची सवय हाताला होती. त्यांच्या फेसाळ नकाशात मधली फळी म्हणजे नदीचं खोरं, पुढचे तिघं म्हणजे त्रिभुज प्रदेश, आणि कॉर्नरची किक म्हणजे मोसमी वारा. वारा कुठून येणार, कुठे अडणार आणि पाऊस कुठे पडणार, सगळं बाणांसकट.

त्या मोसमात क्लब घरच्या मैदानावर नऊ मॅच खेळला आणि नऊच्या नऊ हरला. गंमत म्हणजे बाहेरगावी तीन जिंकला होता, तीन बरोबरीत सोडवल्या होत्या. लोक घरी शेर आणि बाहेर शेळी असतात. आमचा क्लब बाहेर शेर होता आणि घरी यायला घाबरायचा. नवव्या मॅचमध्ये तर कमाल झाली. आमचा कॉर्नर होता. आमच्या माणसाने बॉल ठेवायच्या आधीच समोरचे दोन उंच बचावपटू, बॉल जिथे पडायचा बरोबर तिथे जाऊन उभे राहिले, बस यायच्या आधी स्टॉपवर उभं राहावं तसे. एकाने तर जांभई दिली.

सोमवारी सलून पेटलं.

"हा खेळ नाही, फितुरी आहे," सलूनवाला म्हणाला. "कोणीतरी आपले डाव बाहेर सांगतंय."

"मी गेल्या वर्षीच म्हणालो होतो," गुरुजी म्हणाले. गुरुजी सगळं गेल्या वर्षीच म्हणालेले असतात.

"पुढची घरची मॅच हरलो की क्लब खालच्या गटात जाणार," पोस्टमन म्हणाला. "आणि आपण हरणार."

सगळ्यांनी साडूभाऊंकडे बघितलं. साडूभाऊंनी गळ्याभोवतीचं सलूनचं कापड न काढताच उभं राहून ही केस स्वीकारली. अर्धी दाढी व्हायची होती. ते म्हणाले, "तेरा दिवसांत फितूर तुमच्यापुढे उभा करतो." त्यांनी दिलेल्या सगळ्या शब्दांपैकी हा एकच तंतोतंत खरा ठरला, पण ते पुढे.

पहिला संशय गोलकीपरवर. आम्ही दोघं मैदानाच्या भिंतीवर बसून सराव बघितला. साडूभाऊ मोजत होते. पाऊण तासात गोलकीपरने उजव्या हातमोज्याला एक्केचाळीस वेळा हात लावला.

"सांकेतिक भाषा," साडूभाऊ माझ्या कानात म्हणाले. "एक स्पर्श म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे."

"आणि सहा?"

"सहा म्हणजे तातडीचं."

घरी जाऊन त्यांनी त्या एक्केचाळीस स्पर्शांची अक्षरं लावली. त्यातून 'बटाटा' हा शब्द दोनदा निघाला. त्यांनी त्याचाही अर्थ लावला, तो मी इथे देत नाही. दुसऱ्या दिवशी मी सरळ गोलकीपरकडे गेलो आणि हातमोजा बघायला मागितला. मनगटाची पट्टी झिजली होती, चिकटायची नाही, सारखी सुटायची. दुकानात नेऊन मी दहा मिनिटांत नवी पट्टी शिवून दिली. त्यानंतर त्याने एकदाही मोज्याला हात लावला नाही.

"बघितलंस?" साडूभाऊ म्हणाले. "सावध झाला."

दुसरा संशय मैदान राखणाऱ्या माणसावर. मैदानाचा डावा कोपरा कायम ओला असायचा. साडूभाऊंचा तर्क असा की हा माणूस मुद्दाम तिथे पाणी मारतो, म्हणजे आपला खेळाडू घसरेल आणि त्याचं हे कारस्थान जमिनीखाली मुरेल. पुराव्यासाठी ते स्वतः कोपऱ्यात उतरले. चिखलाने त्यांना परत केलं, उजवा बूट ठेवून घेतला. बूट काढायला तोच माणूस फावडं घेऊन आला आणि म्हणाला, "खालचा पाइप फुटलाय. तीन वर्षं सांगतोय ऑफिसात. तुमची तिथे ओळख आहे का?"

मग उरले टोपीवाले मॅनेजर. साडूभाऊंना आता खात्रीच वाटत होती.

"टोपीचं टोक डावीकडे असलं तर कॉर्नर डावीकडे पडतो," ते म्हणाले. "उजवीकडे असलं तर उजवीकडे. समोरचे फक्त टोपी बघतात."

"टोक सरळ असलं तर?"

"तेव्हा ऊन समोरून येतं. प्रत्येक गोष्टीत गुन्हा शोधू नकोस."

बुधवारी संध्याकाळी आम्ही मॅनेजरच्या मागावर निघालो. ते मैदानावरून निघाले, दोन चौक चालले आणि एका इमारतीसमोरच्या बाकावर बसले. समोर प्लास्टिकच्या सामानाचं दुकान होतं. साडूभाऊ आत शिरून बादल्या बघायला लागले. मी पायरीवर उभा. चाळीस मिनिटं झाली. साडूभाऊंनी दुकानातली प्रत्येक बादली उजेडात धरून बघितली, दोन बादल्यांना टिचकी मारून आवाज ऐकला. शेवटी दुकानदारीणबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या, तेव्हा एक निळी बादली घ्यावीच लागली. ती घेऊन बाहेर आलो तर मॅनेजर आमच्याकडेच बघत होते.

"चांगली आहे बादली," ते म्हणाले. "बसा ना. सकाळी भिंतीवर बसता, दमला असाल."

आम्ही बसलो. साडूभाऊंनी बादली मांडीवर घेतली. गुप्तहेराने अशा वेळी काय बोलावं याचा अनुभव नसावा, कारण त्यांनी विचारलं, "इथे काय करता?"

"वरती मुलीचा पेटीचा क्लास आहे. ती सुटेपर्यंत बसतो." वरून पेटीचे सूर येत होते, एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी त्याच जागी अडणारी. मॅनेजर ऐकत राहिले. "चार वर्षांत ही तिची चौथी शाळा. माझी नोकरी बदलली की तिची शाळा बदलते. या गावात पहिल्यांदाच तिला मैत्रिणी मिळाल्यात. रविवारी हरलो तर अध्यक्षांनी सांगितलंय, सोमवारी चावी ऑफिसात ठेवा."

मग त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही गावातले जुने लोक. तुम्हाला काय वाटतं? मी डाव असा गुपचूप ठेवतो की खेळाडूंनासुद्धा शेवटच्या सरावातच सांगतो. तरी समोरच्यांना कळतो. कसा?"

"तपास चालू आहे," साडूभाऊ म्हणाले. पण आवाजात नेहमीचा वाघ नव्हता.

परत येताना ते म्हणाले, "हा माणूस निर्दोष आहे."

"टोपीचं काय?"

"टोपी वाऱ्याने फिरते," ते म्हणाले आणि घरापर्यंत बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले.

शुक्रवारी सकाळी क्लबचा शेवटचा मोठा सराव झाला. दुपारी सलून भरलेलं होतं. गुरुजींनी फेस घेतला आणि आरशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रविवारचा डाव काढला. नव्या कॉर्नरचं नाव त्यांनीच 'कात्री' ठेवलं होतं: दोन खेळाडू समोरासमोरून धावत येणार, एकमेकांना ओलांडून जाणार, आणि बॉल त्या फुलीच्या मागे नऊ नंबरच्या डोक्यावर. साडूभाऊंनी पाठीमागून कंगव्याने दाखवत भर घातली की पहिला खेळाडू खोटा, दुसरा खरा. सलूनवाला म्हणाला, डावीकडून करतील. पोस्टमन म्हणाला, कुठूनही करा. सगळे एकदम बोलत होते. मी बाकाच्या टोकाला बसून एका कोटाचं अस्तर उसवत होतो.

तेवढ्यात ताई आल्या. ताई म्हणजे साडूभाऊंच्या पत्नी. त्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसतात. दिवसभर येईल त्याला तीनच प्रश्न विचारायचे: नाव काय, कुठले, काय होतंय. पंचवीस वर्षांत ते प्रश्न त्यांच्या अंगात इतके मुरलेत की लग्नकार्यातही त्या पंगतीला शेजारी बसलेल्याला "काय होतंय?" म्हणून विचारतात.

"घराची किल्ली तुमच्याकडे राहिली," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"दोन मिनिटं," साडूभाऊ कंगवा हलवत म्हणाले. "राष्ट्रीय महत्त्वाचं चाललंय."

साडूभाऊंची दोन मिनिटं ताईंना ठाऊक होती. त्या बाकावर बसल्या. शेजारी एक गृहस्थ बसले होते, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, मांडीवर बंद छत्री. तासाभरापासून आपला नंबर यायची वाट बघत असावेत असं आम्हाला वाटत होतं. म्हणजे खरं तर आम्हाला काहीच वाटत नव्हतं, ते आहेत हेच आम्ही पाहिलं नव्हतं.

"कुठले तुम्ही?" ताईंनी विचारलं.

गृहस्थांनी शेजारच्या शहराचं नाव सांगितलं. रविवारी आमची मॅच त्याच शहराच्या क्लबशी होती.

"इकडे कसे?"

"मॅचसाठी आलोय. समोर लॉजवर उतरलोय. टीम उद्या येईल."

"खेळता?"

"नाही हो, या वयात कुठे. मी असिस्टंट कोच."

"मग दाढीला बसलात?"

"दाढी सकाळीच झाली," गृहस्थ म्हणाले. "हे गुरुजी समजावतात फार छान. आमच्या कोचने सरावात सांगून जे कळत नाही, ते यांच्या चित्रात पटकन कळतं. सगळ्या क्लबांना माहीत आहे. या गावात मॅच असली की टीमच्या एक दिवस आधी एक माणूस पाठवायचा आणि सलूनमध्ये बसवायचा. मागच्या वेळी आमचा फिजिओ आला होता."

सलूनमध्ये कात्रीचा आवाज थांबला. मग वस्तऱ्याचा थांबला. गुरुजींच्या बोटावरचा फेस हळूहळू मनगटापर्यंत ओघळला.

गृहस्थ जरा ओशाळले. "मी कोणाला काही विचारत नाही हं," ते म्हणाले. "नुसता बसतो. दारही उघडंच असतं." मग उठले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि छत्री घेऊन रस्ता ओलांडून लॉजमध्ये गेले.

"तरीच," सलूनवाला म्हणाला. "मी म्हणायचो, मॅचच्या आधी नवीन माणसं फार येतात. मला वाटलं, आपलं नाव झालंय."

"किल्ली," ताई म्हणाल्या.

साडूभाऊंनी मुकाट्याने किल्ली दिली. ताई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "यात शोधायचं काय होतं, मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

त्या गेल्यावर पोस्टमनने पहिल्यांदाच वेगळं वाक्य उच्चारलं. "म्हणजे आधीचे चौघं..." एवढं म्हणून तो थांबला. आम्ही त्या चौघांना या बाकावर बसून काय काय म्हणालो होतो, ते सगळ्यांनाच आठवत होतं. 'धीर धरा'वाले गावातून गेले त्या दिवशी आम्ही सलूनमध्ये टाळ्या वाजवल्या होत्या.

"मॅनेजरला सांगायला हवं," मी म्हणालो. "त्यांना डाव बदलायला एक दिवस तरी मिळेल."

"कोण सांगणार?" गुरुजी म्हणाले. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर वर्गाला विचारला असेल, पण या वेळी त्यांनीच मान खाली घातली होती.

"केस माझी आहे," साडूभाऊ म्हणाले.

आम्ही दोघं मैदानाकडे निघालो. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना तेवीस वर्षं ओळखतो. भूल देऊन त्यांचा दात काढला होता तेव्हासुद्धा ते बोलत होते. मॅनेजर शेडमध्ये बॉल मोठ्या जाळीच्या पिशवीत भरत होते. साडूभाऊ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"केस सुटली," ते म्हणाले.

"कोण आहे?"

मला वाटलं, आता घार, हत्ती, मुंगी, सगळे येतील. साडूभाऊंनी पिशवीतल्या बॉलकडे बघितलं आणि म्हणाले, "मी. आणि गुरुजी, सलूनवाला, पोस्टमन. हे माझे साडू फारसं बोलत नाहीत, पण तिथेच बसलेले असतात." मग त्यांनी सगळं सांगितलं, आरसा, फेस, उघडं दार, छत्रीवाले गृहस्थ. काही गाळलं नाही. कंगव्याने आपण काय दाखवलं तेही सांगितलं. "शोधलंसुद्धा मी नाही," ते शेवटी म्हणाले. "माझ्या बायकोने शोधलं. किल्ली घ्यायला आली होती."

मॅनेजर बॉलच्या पिशवीवर बसले.

"माझ्या आधीचेही?"

"बहुतेक."

"त्यातल्या एकाला मी ओळखतो," ते म्हणाले. "वहीवाले. ते आता एका शाळेत मुलांना खेळ शिकवतात. मला म्हणाले होते, त्या गावातल्या भिंतींना कान आहेत." ते किंचित हसले. "भिंतीला नव्हते. दाराला होते."

"तुम्ही रागवा आमच्यावर," साडूभाऊ म्हणाले. "मला बरं वाटेल."

"सोमवारी रागावेन. आज वेळ नाही. मला सांगा, त्या माणसाने काय काय ऐकलं?"

साडूभाऊंनी सांगितलं. इथे त्यांची स्मरणशक्ती खरंच हत्तीची निघाली. कात्री, खोटा धावणारा, खरा धावणारा, नऊ नंबरचं डोकं, दहा नंबरचा डावा पाय, अकरा नंबरचा दुखरा गुडघा, कोण कुठे, एकूण एक. मॅनेजर बोटं मोजत होते.

"आणि सहा नंबर?" त्यांनी मध्येच विचारलं. "त्याच्याबद्दल काय बोललात?"

साडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी आठवलं. सहा नंबर म्हणजे आमचा एक भरभक्कम बचावपटू. आठ वर्षं क्लबात आहे, पळतो हळू, पण मध्ये उभा राहतो. तो चांगला खेळला असंही कोणी म्हणायचं नाही, वाईट खेळला असंही नाही.

"काहीच नाही," मी म्हणालो. "त्याच्याबद्दल आम्ही कधीच बोलत नाही."

"एकदाही?"

"तीन वर्षांत एकदाही नाही."

मॅनेजर उठले, पिशवीची दोरी आवळली आणि म्हणाले, "मग तोच. आणि उद्याचा दिवस तुम्ही फक्त एक करा. गप्प बसा."

हे म्हणायला सोपं होतं. शनिवारी छत्रीवाले गृहस्थ पुन्हा येऊन बाकावर बसले. सलूनमध्ये आम्ही सगळे होतो आणि तोंडाला कुलूप होतं. पोस्टमनने आपल्या गुडघ्याचा इतिहास सांगितला. सलूनवाल्याने पाण्याचा नळ कसा गळतो ते सांगितलं. गुरुजींचं बोट सारखं फेसाच्या वाटीकडे जात होतं. शेवटी राहवलं नाही तेव्हा त्यांनी आरशावर एक खरीखुरी नदी काढली, उगमापासून मुखापर्यंत, उपनद्यांसकट. गृहस्थांनी ती बारकाईने बघितली. "ही नवीन आहे का?" त्यांनी विचारलं.

"फार जुनी आहे," गुरुजी म्हणाले.

साडूभाऊ दातांत रुमाल धरून बसले होते. दोन तासांनी गृहस्थांनाच संकोच वाटला आणि त्यांनी केस कापून घेतले. सलूनवाल्याने मन लावून इतके बारीक कापले की दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांच्याच टीमने त्यांना दोनदा ओळखलं नाही.

रविवारी सगळं गाव मैदानावर होतं. या वेळी ताईही आल्या, बरोबर विणकाम घेऊन. पहिला अर्धा वेळ गोल नाही. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांनी एक जोरदार फटका मारला, तो गोलकीपरने दोन्ही हातांनी धरला, आणि मी तेवढ्यातही त्याच्या मनगटाची शिवण बघितली. टिकली होती. ऐंशीव्या मिनिटाला आम्हाला डावीकडून कॉर्नर मिळाला.

समोरचे उंच बचावपटू कात्रीच्या फुलीमागे जाऊन उभे राहिले. आणखी दोघांनी नऊ नंबरला धरलं. एकाने दहा नंबरच्या डाव्या पायासमोर पाय रोवला. आरशावरचा नकाशाच जणू गवतावर उतरला होता. आमचे दोघं समोरासमोरून धावले, ओलांडून गेले, आणि बॉल त्या सगळ्यांच्या डोक्यावरून, कोणी न रोखलेल्या पलीकडच्या टोकाला पडला. तिथे सहा नंबर चालत आला होता. त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. बहुधा त्यालाही बॉलची खात्री नव्हती, कारण बॉल त्याच्या खांद्याला लागून आत गेला आणि तो मागे वळून बघायला लागला की कोणी मारला.

"झालं का?" ताईंनी सुया थांबवून विचारलं.

"झालं," साडूभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, ऊन लागलं.

उरलेली दहा मिनिटं आम्ही कशी काढली ते विचारू नका. आम्ही एक-शून्यने जिंकलो. क्लब वरच्याच गटात राहिला.

सोमवारी सलून उघडल्या उघडल्या भरलं. दोन दिवसांचं बोलणं तुंबलेलं होतं. गुरुजी म्हणाले, सहा नंबरला कॅप्टन करा, हे मी गेल्या वर्षीच म्हणालो होतो. सलूनवाला म्हणाला, त्याला पुढेच खेळवा. पोस्टमन म्हणाला, त्याचा खांदा दुखावला तर आपण हरणार. साडूभाऊंनी कंगवा उचलला आणि सहा नंबरचा खांदा बॉलशी नेमका किती अंशांत होता, ते दाखवायला लागले. बोलणं रंगात आलं असताना दारात टोपीवाले मॅनेजर उभे दिसले. साडूभाऊंनी कंगवा पाठीमागे लपवला. शुक्रवारी त्यांनी सोमवारचा वायदा केला होता, तो साडूभाऊंनी सगळ्यांना सांगितला होता.

मॅनेजर आत आले. मागे वळून त्यांनी ते तुटक्या स्प्रिंगचं दार हाताने ओढून लावलं, त्याला आतून बादली टेकवली (बादली साडूभाऊंनीच सलूनला दिली होती), टोपी खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसले. सलूनवाल्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, गालाला फेस लावला.

"गुरुजी," मॅनेजर आरशात बघत म्हणाले, "डाव्या बाजूला कोणाला खेळवू? खरं सांगा."

गुरुजींना क्षणभर कळेना. मग त्यांचं बोट आपोआप फेसाच्या वाटीत गेलं. सलूनवाला वस्तरा हातात धरून म्हणाला, डावीकडे तोच ठेवा पण मागे. पोस्टमन म्हणाला, नको. साडूभाऊ म्हणाले, माझा तर्क वेगळा आहे. पाऊण तासात आरसा पांढरा झाला आणि मॅनेजरच्या गालावरचा फेस वाळून गेला, तो दोनदा नव्याने लावावा लागला. ते सगळं ऐकत होते, मधूनच हं म्हणत होते.

दाढी झाली तेव्हा त्यांनी टोपी घातली, बादली बाजूला केली आणि दारात थांबले.

"एक विनंती आहे," ते म्हणाले. "बाकी सगळ्यांबद्दल हवं ते बोला. पण सहा नंबरचं नाव काढू नका. मला तो पुढच्या वर्षीही लागणार आहे."